श्वास, लीला आणि अंदाजपत्रक

विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात कपातीची वेळ आली, म्हणजे हिशेबनिसाची लेखणी ज्या बाबींपाशी प्रथम थबकते त्यांत पाण्याखाली बुडी मारण्यास शिकविणारा वर्ग हटकून असतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत असा स्कूबाचा वर्ग आहे. दिवसभर रसायन, कायदा किंवा लेखाशास्त्र शिकणारी मुलेमुली संध्याकाळी जलतरण तलावावर जमतात, पाठीवर हवेचा सिलिंडर बांधतात, रबरी नळीचे टोक दातांत धरतात, आणि काही आठवड्यांच्या सरावानंतर समुद्रात, सरोवरात किंवा पाण्याने भरलेल्या एखाद्या जुन्या खाणीत उतरून शिकलेले पडताळून पाहतात. ह्या वर्गाने कोणास पदवी मिळत नाही, आणि तो न केल्याने कोणाची पदवी अडत नाही. २००९ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने विद्यार्थ्यांच्या शुल्कात ३२ टक्क्यांची वाढ मंजूर केली, आणि त्याच वर्षी त्या राज्याच्या दुसऱ्या मोठ्या विद्यापीठसमूहात अध्यापकांना महिन्यातून दोन दिवस बिनपगारी घरी बसावे लागले. ज्या राज्याने १९६० च्या आपल्या शिक्षण-आराखड्यात रहिवाशांकडून शिकवणीचे शुल्क न घेण्याचे तत्त्व अभिमानाने उच्चारले होते, त्याच राज्यातील ही गोष्ट. अशा साली पोहणे, बुडी मारणे, शीड हाकणे ह्या विषयांची नावे कपातीच्या यादीत अग्रभागी आली तर आश्चर्य कसले? आणि मग त्या वर्गाचे विद्यार्थी अर्ज लिहितात, सह्या गोळा करतात, जुन्या विद्यार्थ्यांस साद घालतात, आणि ‘हा वर्ग वाचवा’ अशी विनवणी घेऊन अधिकाऱ्यांच्या दारात उभे राहतात.

हा प्रश्न वरवर पाहता फडणिशीचा आहे. परंतु जरा खाली उतरून पाहिले तर जो वाद आपल्या भाष्यकारांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी घातला, तोच येथे नव्या वेषात उभा आहे असे दिसते. ज्या कर्माचे फल दाखविता येत नाही, ते कर्म शहाण्याने करावे काय, आणि त्यासाठी दुसऱ्याचे द्रव्य मागावे काय, हा तो वाद होय.

जुन्या शिरस्त्याप्रमाणे प्रथम पूर्वपक्ष मांडला पाहिजे, आणि तो दुबळा करून मांडता कामा नये. मीमांसक कुमारिलभट्टाने सांगून ठेवले आहे की, काही प्रयोजन मनात धरल्यावाचून मंदबुद्धीचा माणूससुद्धा कोणत्याही गोष्टीस प्रवृत्त होत नाही. मग विद्वानांच्या संस्थेने का व्हावे? विद्यापीठाचा पैसा म्हणजे कोणा धनिकाची खासगी थैली नव्हे; त्यातील काही रक्कम करदात्याच्या खिशातून येते, आणि काही विद्यार्थ्याने कर्ज काढून भरलेली असते. ग्रंथालयाचे तास कमी करावयाचे, प्रयोगशाळेतील साहाय्यकाची जागा रिकामी ठेवावयाची, आणि इकडे तलावाच्या तळाशी बुडबुडे सोडणाऱ्यांसाठी तरतूद चालू ठेवावयाची, हा कोठला न्याय? शिवाय हा खेळ महागाईचा, जोखमीचा, आणि विम्याचे ओझे वाढविणारा. ज्यास हौस असेल त्याने गावातील दुकानात जाऊन पैसे मोजावेत आणि शिकावे. विद्यापीठाने विद्या द्यावी. मौज ज्याची त्याने पाहावी. हा युक्तिवाद हृदयशून्य आहे असे म्हणणे सोपे आहे. परंतु जो माणूस तो करतो, त्याच्या टेबलावर दुसऱ्या कोणाच्या तरी नोकरीचा कागद पडलेला असतो हे विसरणे न्यायाचे होणार नाही.

ह्या पूर्वपक्षास वर्ग वाचविणारे लोक जे उत्तर देतात ते इतिहासाचे असते, आणि तो इतिहास मोठा मनोवेधक आहे. १९४३ साली युद्धग्रस्त फ्रान्समध्ये कूस्तो नावाचा नौदलाचा अधिकारी आणि गान्यां नावाचा अभियंता ह्या दोघांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे जे यंत्र सिद्ध केले, त्याची कळ गान्यांने मुळात मोटारींसाठी तयार केली होती; पेट्रोल मिळेनासे झाल्यामुळे मोटारी गॅसवर चालविण्याची पाळी आली होती, आणि इंजिनास हवा तेवढाच गॅस पुरविणारी ती झडप होती. म्हणजे हे यंत्र टंचाईचेच अपत्य. पाणबुड्याने श्वास ओढला तर हवा द्यावयाची, एरवी एक थेंबभरही सोडावयाची नाही, असा ह्या झडपेचा स्वभाव आहे; इतका काटेकोर खजिनदार कोणत्या विद्यापीठास लाभला असेल असे वाटत नाही. ते यंत्र १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील तरुण जीवशास्त्रज्ञांच्या हाती आले, तेही एखाद्या वैज्ञानिक उपकरणांच्या पेढीतून नव्हे, तर विद्यापीठाजवळच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानातून. त्या तरुणांपैकी कॉनरॅड लिंबॉ ह्याने ला हॉया येथील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत बुडी मारण्याच्या शिक्षणाची शिस्त बसविली, आणि १९५४ साली लॉस एंजेलिस परगण्याच्या उद्याने व करमणूक खात्याने आपली माणसे त्याच्याकडे शिकावयास पाठवून सामान्य नागरिकांसाठी वर्ग काढण्याची तयारी केली. खेळाच्या दुकानातून विज्ञानाकडे, आणि विज्ञानाकडून पुन्हा करमणुकीच्या खात्याकडे, असा हा प्रवास झाला. हाच लिंबॉ १९६० साली फ्रान्समधील कासी गावाजवळच्या पाण्याखालील गुहेत वाट चुकून मरण पावला, हेही त्याच इतिहासातले पान आहे, आणि जोखमीची गोष्ट काढणाऱ्यास ते दाखविण्याचे टाळू नये.

ह्याहून बोलका दाखला जॉर्ज बास ह्याचा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील हा तरुण पुरातत्त्वाभ्यासक तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, केप गेलिडोन्या येथे, सुमारे ३२०० वर्षांपूर्वी बुडालेले कांस्ययुगातील एक जहाज उकरण्यासाठी १९६० साली गेला. त्यापूर्वी त्यास बुडी मारणे ठाऊक नव्हते, आणि ती विद्या त्याने फिलाडेल्फियाच्या वाय.एम.सी.ए.च्या वर्गात, हौशी लोकांच्या रांगेत उभे राहून घेतली. समुद्रतळावर शास्त्रशुद्ध रीतीने उत्खनन करता येते हे त्या मोहिमेने सिद्ध केले. पुढे आपल्याकडे गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या आश्रयाने डॉ. एस. आर. राव ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात द्वारकेच्या समुद्रात जे शोधकार्य केले, ते ह्याच नव्या शास्त्राच्या अंगणातले. तेव्हा हौशी वर्ग बंद केला तर उद्याचा बास कोठे बुडी मारावयास शिकणार, असे अर्जदार विचारतात, आणि सभेतील चार माना होकारार्थी हलतात.

मलाही हे उत्तर आवडते. परंतु ते सिद्धान्त म्हणून स्वीकारता येत नाही, आणि त्याचे कारण फिलाडेल्फियाच्या त्या तलावातच आहे. बासच्या बरोबर त्या पाण्यात आणखी कितीतरी माणसे उतरली असतील. कोणी कारकून, कोणी शिक्षक, कोणी नुसतेच पाण्याचे वेडे. त्यांना कोणतेही जहाज सापडले नाही, आणि शोधावयाचेही नव्हते. त्यांच्या त्या संध्याकाळी वाया गेल्या असे म्हणावयाचे काय? एका बासच्या यशाने बाकीच्यांच्या खेळास क्षमा मिळाली, असा जर आपला निवाडा असेल, तर खेळ हा अपराधच आहे हे आपण आधी मान्य केले आहे, आणि मग पूर्वपक्ष्यास जिंकण्यासाठी काही करावयाचे शिल्लकच राहत नाही. पुढील वर्षी तो एवढेच विचारील की, यंदाच्या तुकडीतून जहाजे किती निघाली? उपयुक्ततेच्या तराजूत जो आपली वस्तू स्वतःच्या हाताने ठेवतो, त्यास वजन कमी भरल्याची तक्रार करता येत नाही.

मग तराजूच चुकीचा आहे काय? येथे छांदोग्य उपनिषदातील एक गोष्ट मदतीस येते. शरीरातील इंद्रियांत श्रेष्ठ कोण ह्यावरून भांडण लागले, आणि प्रजापतीने त्यांस सांगितले की, ज्याच्या जाण्याने शरीराची सर्वांत वाईट दशा होईल तो श्रेष्ठ. प्रथम वाणी वर्षभर निघून गेली. परत येऊन पाहते तो शरीर मुक्याप्रमाणे जगत होते. मग डोळा गेला; शरीर आंधळ्याप्रमाणे जगले. कान गेला, मन गेले. बहिऱ्याप्रमाणे, अजाण बालकाप्रमाणे शरीराने दिवस काढले. शेवटी प्राण निघाला, तेव्हा उमद्या घोड्याने पायबंदाच्या खुंट्या उपटाव्यात त्याप्रमाणे बाकीची सर्व इंद्रिये उपटली जाऊ लागली, आणि सर्वांनी हात जोडून त्याचे वर्चस्व कबूल केले. विद्यापीठाच्या खात्याखात्यांत दरसाल जी अहमहमिका चालते तिचे इतके यथार्थ चित्र दुसरे आढळणार नाही. आणि कपात-समितीची कसोटीही नेमकी हीच असते, की अमुक बाब वर्षभर दूर ठेवून पाहा, संस्था जगते की नाही. जगते, अर्थातच जगते. परंतु उपनिषदातील शरीरही डोळ्यावाचून जगले होते, म्हणून गोष्ट संपल्यावर कोणी डोळे काढून टाकले नाहीत. ‘हिच्यावाचून जगता येते’ एवढ्या एका कसोटीवर कपात करीत गेले तर अखेरीस श्वास तेवढा शिल्लक राहील. त्या शरीरास प्रेत म्हणता येणार नाही हे खरे, परंतु माणूस तरी म्हणता येईल काय?

आणि ज्या श्वासापाशी ही कपात येऊन थांबते, त्या श्वासाविषयीच ह्या वर्गात शिकवितात. पाण्याखाली उतरणाऱ्यास पहिला नियम जो सांगतात तो असा की, श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही. पूरक आणि रेचक ह्यांस येथे मुभा आहे. कुंभकास सक्त मनाई. कारण दहा मीटर खाली गेले म्हणजे भोवतालचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, तीस मीटरांवर चौपट. यंत्र त्या त्या खोलीच्या दाबाने हवा देते, आणि दहा मीटरांवर भरून घेतलेला श्वास कोंडून कोणी वर आला तर बॉइलच्या नियमाप्रमाणे तीच हवा फुगून दुप्पट जागा मागू लागते, व फुप्फुस फाटते. नीट शिकलेला पाणबुड्या पाण्यात तरंगतही नाही आणि बुडतही नाही. श्वास घेतला की तो किंचित वर येतो, सोडला की किंचित खाली जातो, आणि जन्मापासून जी क्रिया आपण न पाहता करीत आलो, ती त्याच्यासमोर प्रथमच दृश्य होऊन उभी राहते. जमिनीवर ज्या गोष्टीचा आपल्यास सर्वांत कमी विचार असतो, तीच येथे एकमेव संपत्ती, आणि तिचा दाबमापक दर काही मिनिटांनी वाचावा लागतो.

आता ज्या सूत्राकडे मी येऊ पाहत होतो त्याकडे येतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात असा आक्षेप आहे की, ईश्वरास काही उणे नाही, मग त्याने सृष्टी कशासाठी केली? प्रयोजन असेल तर तो अपूर्ण ठरतो, आणि नसेल तर वेडा. सूत्रकार उत्तर देतात की ही केवळ लीला आहे, लोकांत दिसते तशी. आणि शंकराचार्य त्यावर भाष्य लिहिताना दोन दृष्टांत योजतात. एक, ज्याच्या सर्व इच्छा पुरल्या आहेत असा राजा किंवा राजाचा अमात्य क्रीडाविहारात रमतो त्याचा. आणि दुसरा, कोणत्याही बाह्य प्रयोजनावाचून स्वभावतःच चालणाऱ्या श्वासोच्छ्वासाचा. खेळ आणि श्वास ही जोडी आचार्यांनी एकाच वाक्याच्या छायेत बसविली. आपल्या ज्ञानदेवांनी तर अमृतानुभवात ह्या जगास चैतन्याचा विलास म्हणून पाहिले, आणि ज्यास इतरांनी भ्रम मानले त्यास त्यांनी आनंदाचे प्रकट रूप मानले. पाण्याच्या तळाशी बसून आपले बुडबुडे वर जाताना पाहणाऱ्या मुलास ह्यातले काही ठाऊक नसेल. परंतु भाष्यकारांनी जे दोन दृष्टांत वेगळे योजले, ते त्याच्या ठिकाणी एकच झालेले असतात. तो खेळत आहे, आणि त्याचा खेळ म्हणजे श्वास घेणे आहे.

चाणाक्ष पूर्वपक्षी येथे आम्हांस पकडील, आणि त्याने पकडावेच. तो म्हणेल, लीला ही पूर्णकामाची. ज्याच्या सर्व इच्छा पुरल्या त्या राजाची. तुमचे विद्यापीठ तुटीत आहे, तुमचा विद्यार्थी कर्जात आहे. ह्यांना लीलेचा अधिकार कोणी दिला? खुद्द आचार्यांनीही सावधपणे म्हटले आहे की, माणसाच्या लीलेत शोधले तर एखादे सूक्ष्म प्रयोजन सापडू शकेल. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याचे उत्तर नैयायिकांच्या एका भेदात आहे. प्रयोजन दोन प्रकारचे: एक गौण, जे दुसऱ्या कशासाठी तरी हवे असते, आणि एक मुख्य, जे स्वतःसाठीच हवे असते. पदवी नोकरीसाठी, नोकरी पगारासाठी, पगार घरासाठी. ही साखळी कोठेतरी थांबली नाही तर अनवस्थेचा दोष येतो, आणि ती जेथे थांबते ते सुख मुख्य प्रयोजन होय. माणसाच्या खेळात जे सूक्ष्म प्रयोजन सापडेल ते हेच, आणि त्यापुढे ‘हे कशासाठी’ असे विचारता येत नाही. विद्यापीठातील बहुतेक सर्व विषय गौण प्रयोजनांची शिडी बांधीत असतात, आणि ते त्यांचे कामच आहे. परंतु शिडी कोठे टेकावयाची ते जेथे विद्यार्थ्यास प्रत्यक्ष दिसते, अशी एखादी तरी जागा त्याच आवारात नको काय?

राहता राहिला अधिकाराचा प्रश्न. आमच्या गावांत पोहणे विहिरीत शिकत. पाठीला सुकलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून थोरला भाऊ वा काका पोराला पाण्यात ढकलून देई. पुढे तोच पोरगा काठावरून मुटका मारी, सूर मारी, आणि तळाची माती मुठीत आणून दाखवी. त्या शिक्षणास शुल्क नव्हते, म्हणून ते कोणाचे आहे हा प्रश्नही नव्हता. समुद्राच्या तळास अशी विहीर नाही. तेथे सिलिंडर लागतो, हवा दाबून भरणारे यंत्र लागते, जाणता शिक्षक लागतो; आणि बाजारात ह्या सर्वांची किंमत पडते. आज मालवणास सिंधुदुर्गाच्या परिसरात पर्यटक पैसे मोजून घटकाभर पाण्याखाली जाऊन येतात, तसेच अमेरिकेतही ज्याच्या खिशात आहे तो कोठेही शिकू शकतो. म्हणून विद्यापीठातील वर्ग बंद केल्याने बुडी मारणे बंद होत नाही; बंद होते ते फक्त गरीब विद्यार्थ्याचे बुडी मारणे. श्रीमंतांचा खेळ म्हणून जो नामंजूर केला, तो त्या नामंजुरीनेच पुरता श्रीमंतांचा होऊन बसतो. राजाची लीला राजापाशी सुरक्षित आहे; तिला सरकारी तरतुदीची गरज कधीच नव्हती. ज्याच्या इच्छा पुरलेल्या नाहीत त्याला आठवड्यातील दोन तास राजासारखे वागता यावे, ह्यापेक्षा सार्वजनिक द्रव्याचा अधिक धर्म्य विनियोग मला सुचत नाही.

ह्याचा अर्थ हिशेबनिसाने काही विचारूच नये असा नाही. हवेचा, उपकरणांच्या झिजेचा आणि प्रवासाचा खर्च विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून निघावा, तलाव आणि शिक्षक संस्थेने द्यावा, अशी वाटणी कोणासही पटण्याजोगी आहे. आणि जेथे खरोखरच ग्रंथालयाचे दार किंवा तलावाचे दार असा पेच पडेल, तेथे मीही ग्रंथालयाच्या बाजूने हात वर करीन, मात्र तो कष्टाने वर केला असे टिपणात नोंदविण्याचा आग्रह धरीन. एक तडजोड तेवढी मान्य करू नये. ती म्हणजे अर्धवट कपातीची. अमेरिकेतील शिरस्त्याप्रमाणे प्रत्येक सिलिंडरची दरसाल आतून तपासणी व्हावी लागते, आणि दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली त्याची परीक्षा घेतात; एका शिक्षकाच्या नजरेत किती शिष्य मावतात ह्यालाही मर्यादा आहे. ह्यांतले काही वाचवून वर्ग ‘चालू’ ठेवण्यापेक्षा तो सन्मानाने बंद करावा. तलावाच्या खोलीतही कोंडलेला श्वास इजा करतो, आणि पाणी सवलत देत नाही.

बुडी संपली की पाणबुड्या काठावर बसून ओल्या हाताने आपल्या नोंदवहीत लिहितो: तारीख, स्थळ, किती मीटर खोल, किती मिनिटे, बरोबर कोण होते, उतरताना सिलिंडरमध्ये हवा किती आणि वर आल्यावर शिल्लक किती. सोबत्याची सही घेतो. आरंभीची बाकी, खर्च, अखेरची बाकी, साक्ष. कोणत्याही दप्तरात शोभेल असा चोख जमाखर्च असतो तो, आणि त्यात शून्यापर्यंत खर्च करणाऱ्यास कोणी शहाणा म्हणत नाही. कपात-समितीच्या पुढच्या बैठकीत अर्जाला सह्यांची चवड जोडण्याऐवजी विद्यार्थ्यांनी ह्या वह्याच टेबलावर ठेवाव्यात असे मला वाटते. हिशेबनीस रकाने तपासील, बेरजा पडताळील, आणि पाने उलटता उलटता ‘कशासाठी’ हा रकाना शोधू लागेल. तो त्या वहीत छापलेला नसतो.